विरचनेनंतरची समीक्षा लिहायला बसताना: बडोद्यातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

विरचना (इंग्रजीत डीकन्स्ट्रक्शन: संहितेतल्या विरोधी जोड्या आतूनच कशा डळमळतात ते दाखवणारे वाचन) शिकवून झाली की बहुतेक विभागांत एक निबंध लिहायला सांगतात: एखादी कविता किंवा चित्र घ्या आणि विरचनेनंतर आलेल्या समीक्षादृष्टींपैकी एकीने वाचा. सयाजीराव विद्यापीठात मराठी घेतलेल्यावर ही वेळ येते, ललित कला विद्याशाखेत कला-इतिहास घेतलेल्यावरही येते. हाती येणारे निबंध मात्र एकाच साच्यातले असतात. पहिली पाच पाने विरचना मांडणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदांचा सिद्धान्त, सहाव्या पानावर घाईघाईने कविता, सातव्या पानावर ‘अशा रीतीने अर्थ अनिश्चित राहतो’. तपासणारा सहावे पान शोधत असतो आणि नेमके तेच सगळ्यात दुबळे निघते.

खालच्या पायऱ्या त्या सहाव्या पानासाठी आहेत. उदाहरणे दोन घेतली आहेत: केशवसुतांची ‘तुतारी’ आणि कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे. कविता घरी बसून वाचता येईल, चित्रांसाठी विश्वामित्रीच्या पुलाकडे जावे लागेल.

एक कबुली आधीच. विरचना ही पद्धत नव्हे, असे देरिदांनी १९८३ मध्ये एका जपानी मित्राला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा पायऱ्या लावून ती शिकवणे त्यांना रुचले नसते. पण ज्याला येत्या महिन्यात तीन हजार शब्द द्यायचे आहेत त्याला कुठूनतरी सुरुवात करावीच लागते.

काय काय जवळ हवे

- कवितेची विश्वासार्ह आवृत्ती. मोबाइलवर सापडलेला पाठ वापरू नका. ओळी गळलेल्या असतात, ऱ्हस्वदीर्घ बदललेले असतात, आणि विरचनेचे वाचन अनेकदा एका शब्दावर उभे असते.
- त्या पाठाच्या तीन छायाप्रती, रुंद समास सोडून. प्रत्येक वाचनाला वेगळी प्रत.
- चित्रासाठी: कलावंत, विषय, काळ, माध्यम, आकार आणि जागा यांची टिपणे. फोटो काढायला परवानगी आहे का, हे आत शिरण्यापूर्वी विचारा. उंचावरची चित्रे बघायला लहान दुर्बीण असेल तर बरे.
- ग्रंथालयाचे ओळखपत्र. विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय सिद्धान्ताच्या इंग्रजी पुस्तकांसाठी, मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी जुन्या मराठी पुस्तकांसाठी.
- एक वही, जिच्यात फक्त अवतरणे आणि पृष्ठांक उतरवायचे. पृष्ठांक नंतर शोधू म्हणणाऱ्यांचे दोन दिवस त्यातच जातात.

१. इतिहास अर्ध्या पानात आटपा

ऑक्टोबर १९६६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या परिषदेत जाक देरिदांनी संरचनावादावरच (अर्थ भाषेच्या रचनेतून घडतो असे मानणाऱ्या विचारावरच) बोट ठेवणारा निबंध वाचला. १९६७ मध्ये त्यांची तीन पुस्तके एकदम आली. त्यांतल्या एकाचा गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९७६ मध्ये निघाला आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगात विरचना पसरली. येल विद्यापीठातल्या पॉल द मान, हिलिस मिलर यांनी तिला साहित्यसमीक्षेचे रूप दिले. १९७८ मध्ये देरिदांचे चित्रकलेवरचे पुस्तक आले. एवढे पुरे.

इथले खड्डे तीन. पहिला: ‘संहितेबाहेर काही नाही’ या वाक्याचा अर्थ ‘जग म्हणजे नुसते शब्द’ असा लावणे. संदर्भ सोडून कोणताही अर्थ नसतो, असे देरिदांनी पुढे स्वतःच उलगडून सांगितले. दुसरा: न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९८८ मध्ये झालेले वाकड्यातिकड्या इमारतींचे वास्तुकला-प्रदर्शन आणि समीक्षेतली विरचना यांची गल्लत. नावे जवळची आहेत, पण तुमच्या निबंधात ते प्रदर्शन कशासाठी? तिसरा: द मान यांचे महायुद्धकाळातले आक्षेपार्ह लेख १९८७ मध्ये उजेडात आले, तेवढ्यावरून सगळी विरचना निकालात काढणे. विषय गंभीर आहे, पण तो स्वतंत्र निबंधाचा आहे.

२. आधी सरळ अर्थ लिहा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि निबंध पडतो तो इथेच. पहिल्या छायाप्रतीवर कवितेचा रूढ अर्थ लिहा, तोही प्रामाणिकपणे, तिची बाजू घेऊन. ‘तुतारी’ (१८९३) जुन्या रूढी मोडायला तरुणांना हाक देते, समतेचा पुकारा करते, माणसाच्या कर्तृत्वावर भिस्त ठेवते. शाळेत शिकवतात तो हा अर्थ खोटा नाही. तो अर्ध्या पानात नीट मांडला नाही, तर पुढे तुम्ही ज्याच्याविरुद्ध वाचणार आहात ते वाचकाला दिसणारच नाही. पारंपरिक भाष्य कठड्यासारखे असते, त्याच्याशिवाय वाचन कुठेही भरकटेल, असे देरिदाच म्हणून गेले आहेत. तो कठडा नवी वाट उघडून देत नाही, हेही त्यांनी लगेच जोडले आहे.

चित्राबाबत सरळ अर्थ म्हणजे विषय, काळ, कोणी काढायला सांगितले आणि कुठे लावले. कीर्तिमंदिर सयाजीराव महाराजांनी गायकवाड घराण्याचे स्मारक म्हणून बांधले. नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथे चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरेचे जीवन, नटीर पूजा आणि महाभारताचे युद्ध.

३. जोड्या काढा, आणि वरचढ कोण ते लिहा

दुसऱ्या छायाप्रतीवर एकमेकांविरुद्ध उभे केलेले शब्द दोन रंगांनी अधोरेखित करा. ‘तुतारी’त या जोड्या निघतात:

- नवे आणि जुने
- आवाज आणि कोरीव अक्षर
- पुरुषार्थ आणि ‘स्त्रैण’पणा
- मागणारा ‘मी’ आणि देणारे ‘तुम्ही’

प्रत्येक जोडीत कविता कोणाला वर बसवते ते समासात लिहा. इथे उत्तरे सोपी आहेत: नवे, आवाज, पुरुषार्थ, मी.

आता तिसरी प्रत. वरच्या बाजूला खालच्या बाजूची गरज कुठे पडते ते शोधा. कविता एका वाद्याची मागणी करून सुरू होते. ‘स्वप्राणाने’ फुंकायचे आहे, पण प्राण पुरेसा नाही. तुतारी दुसऱ्या कोणीतरी आणून द्यावी लागते. आणि तुतारी हे वाद्य कोणते? देवळात, मिरवणुकीत, लग्नात वाजणारे, म्हणजे जुन्या जगातलेच. जुने जाळा-पुरा म्हणणारा आवाज जुन्याच नळीतून निघतो.

पुढे गेलात की याहून चांगले सापडते. हाती आलेला काळ हा मोठा डोंगर आहे, त्यात सुंदर लेणी खोदा आणि ‘निजनामे त्यावरती नोंदा’ असे कवी सांगतो. गगन भेदणाऱ्या आवाजाची कविता मध्येच दगडात अक्षर कोरायला सांगते. आवाज विरून जातो, म्हणून नाव टिकवायला लेखन लागते. आवाज अस्सल आणि लेखन दुय्यम, ही उतरंड देरिदांनी प्लेटोपासून रूसोपर्यंत दाखवली. इथे ती एका मराठी कवितेच्या पोटात आपसूक उलटते. शिवाय या काळात जे नवे घडवायचे त्याला रूप दिले तेही लेण्याचे, म्हणजे या मुलुखातल्या सर्वांत जुन्या वास्तूंचे. कविता फोडायची गरज पडत नाही. ती आतून आधीच दोन दिशांना ओढली गेलेली असते आणि तुम्ही ती ओढ दाखवता, एवढेच.

सर्वाधिक गुण इथेच जातात: विद्यार्थी उतरंड उलटी करून थांबतात. ‘म्हणजे केशवसुत खरे तर परंपरावादी होते’ असा निष्कर्ष काढला की तुम्ही जुन्याला वर बसवले, उतरंड तशीच राहिली. दुसरे पाऊल असे: जुने आणि नवे या दोन वेगळ्या पेट्या आहेत, ही समजूतच या कवितेत टिकत नाही, हे दाखवणे. ‘नवे’ इथे जुन्याच्या पुनर्वापरातून घडते, असे लिहिलेत तर पुढे बोलायला जागा राहते.

किती जोड्या घ्यायच्या? तीन हजार शब्दांत एक पूर्ण आणि एक अर्धी. चार घेतल्या की यादी होते.

४. चित्रासमोर: चौकट कुठे संपते ते पाहा

चित्रकलेवरच्या पुस्तकात देरिदांनी जर्मन तत्त्वज्ञ कांटचा एक किरकोळ वाटणारा मुद्दा उचलला: चित्राची चौकट, पुतळ्यावरचे वस्त्र, राजवाड्याचे खांब ही नुसती जोडलेली सजावट. देरिदांचा प्रश्न असा की चौकट कलाकृतीच्या आत की बाहेर? ती काढली तर चित्र कुठे संपते ते कळत नाही, म्हणजे बाहेरचे म्हटलेले आतल्याला आकार देते. पुढे कला-इतिहासात संग्रहालयाची भिंत, चिठ्ठी, लिलावाची किंमत, पुरस्कर्ता या सगळ्यांकडे चौकट म्हणून बघायची सवय पडली, तिच्यामागे हा प्रश्नही आहे.

कीर्तिमंदिरात हा प्रश्न मुद्दाम विचारावा असा आहे, कारण तिथे सोनेरी चौकट नाहीच. चित्राची चौकट म्हणजे अख्खी इमारत, आणि इमारत म्हणजे राजघराण्याचे स्मारक. गंगावतरण तिथे शोभते: भगीरथ पूर्वजांच्या उद्धारासाठी गंगा आणतो. युद्धही शोभते. पण मीरा? राजवाड्यातली सून, जी राजवाडा सोडून निघते. आणि नटीर पूजा तर त्याहून पुढची. रवींद्रनाथांच्या या नाटकात बुद्धपूजेवर राजाज्ञेने बंदी आहे. राजनर्तकी श्रीमतीला स्तूपापुढे नाचायचा हुकूम होतो, ती नाचता नाचता दागिने उतरवते, आत भिक्षुणीचे वस्त्र असते, नाच हीच पूजा होते आणि तिला मारले जाते. राजांच्या स्मृतीसाठी उभारलेल्या दालनात चारपैकी दोन भिंती राजसत्तेबाहेर पाऊल टाकणाऱ्या स्त्रियांच्या आहेत.

इथे लेखणी आवरा. ‘नंदलालांनी गायकवाडांविरुद्ध छुपे बंड केले’ असे वाक्य सुचेल. ते लिहू नका, कारण त्याला पुरावा लागतो आणि तुमच्याकडे तो नाही. उलट साधे कारण हाताशी आहे: नंदलाल शांतिनिकेतनचे, नाटक त्यांच्या घरातले, नटीची भूमिका त्यांच्या मुलीनेच केली होती. शिवाय सयाजीराव स्वतः सुधारक राजे, त्यांना मीरा खटकायचे कारण नव्हते. ही साधी कारणे आधी लिहा. मग म्हणा की हेतू काहीही असो, या जागेत ही चित्रे स्मारकाच्या बोलण्यात दुसरा सूर मिसळतात. दावा परिणामाबद्दल असू द्या. विरचनेनंतरच्या कला-समीक्षेची खरी शिस्त हीच आहे, आणि नवखे तिथेच घसरतात.

वेळ असेल तर लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जाऊन रवी वर्म्यांची तैलचित्रे बघा. तिथली जोडी अस्सल आणि नक्कल ही आहे. राजवाड्यासाठी काढलेली पौराणिक चित्रे थोड्यांनी पाहिली. १८९४ मध्ये सुरू झालेल्या छापखान्यातून निघालेल्या त्यांच्या चित्रांच्या रंगीत छापांनी देवघरे भरली. आज मूळ चित्रासमोर उभा राहणारा माणूस बहुधा छापातले चित्र आठवूनच ते ओळखतो. अस्सलाला मोल देणारी नक्कल, यावर एक स्वतंत्र निबंध होतो.

५. नवी दृष्टी निवडा, आणि उसने नेमके काय घेतले ते सांगा

स्त्रीवादी, वसाहतोत्तर, वंचितांचा इतिहास, नवइतिहासवाद, क्विअर समीक्षा, नवा कला-इतिहास: प्रश्नपत्रिकेत ही नावे एका ओळीत येतात, म्हणून ती विरचनेची सख्खी मुले आहेत असा समज होतो. प्रत्येकीचे नाते वेगळे आहे.

स्पिव्हाक यांचे सगळ्यात जवळचे. वंचितांच्या इतिहासलेखनावर त्यांनी १९८५ मध्ये लिहिले, आणि १९८८ च्या गाजलेल्या निबंधात विचारले की वंचित स्त्री बोलू शकते का. त्यांनी विरचनेतून घेतली ती ही सावधगिरी: दुसऱ्याच्या वतीने बोलणारा त्याचा आवाज पुन्हा झाकत तर नाही ना? होमी भाभांनी दुटप्पी अर्थाचा खेळ वसाहतीतल्या नकलेकडे वळवला: साहेबासारखा होऊ पाहणारा ‘नेटिव्ह’ साहेबाचेच हसे करतो. ज्युडिथ बटलर यांनी १९९० मध्ये लिंगभाव हा पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींतून घडतो असे मांडले. त्यातली पुनरावृत्तीची कल्पना देरिदांशी जोडलेली आहे. नवइतिहासवाद्यांचे आणि एडवर्ड सैद यांचे देणे मात्र मुख्यतः ज्ञान आणि सत्ता यांचे नाते तपासणाऱ्या फुकोकडे. सैद यांच्या नावापुढे विरचना लिहिलेत तर तोंडी परीक्षेत पकडले जाल.

कलेच्या बाजूला ग्रिझेल्डा पोलॉक यांनी ‘थोर कलावंत’ ही कल्पना पुरुषाच्या मापाने कशी बेतली आहे ते दाखवले. मीके बाल आणि नॉर्मन ब्रायसन यांनी १९९१ मध्ये चित्राचा ‘संदर्भ’ हाही तयार मिळत नाही, तो अभ्यासकच रचतो, असे बजावले. हा मुद्दा वहीत उतरवून ठेवा, कीर्तिमंदिरावर लिहिताना सर्वांत उपयोगी पडतो.

‘तुतारी’साठी स्त्रीवादी दृष्टी घेतली तर काम जवळजवळ तयार आहे. तरुणांना रक्त सांडायला सांगताना कवी ‘स्त्रैण न व्हा’ म्हणतो, आणि रडणाऱ्या बायकापोरांना रडू द्या म्हणतो. समतेच्या हाकेतला ‘आपण’ कोणाला बाहेर ठेवून बनतो? जो शब्द नको म्हणून बाजूला सारला त्याच्याच आधाराने शौर्याची व्याख्या उभी आहे. हा झाला विरचनेतून घेतलेला भाग. त्यापुढे १८९३ च्या महाराष्ट्रात स्त्रियांच्या शिक्षणाचे, संमतिवयाच्या कायद्याच्या वादाचे (तो कायदा १८९१ चा) काय चालले होते, हे तपासणे स्त्रीवादी समीक्षेचे स्वतःचे काम. दोन्ही भाग वेगळ्या परिच्छेदांत ठेवा.

मराठीतला सर्वांत मोठा खड्डा वेगळाच आहे: दलित साहित्यविचार आणि देशीवाद यांनाही विरचनेच्या खात्यात टाकणे. दलित समीक्षेची मुळे फुले-आंबेडकरांत आहेत. केंद्र आणि परीघ हे तिला पॅरिसहून कळलेले नाही. देशीवादाची (साहित्य आपल्या मातीतल्या परंपरेतून घडावे असे मानणाऱ्या विचाराची) भूमिका तर परक्या सिद्धान्तांकडे संशयाने बघण्याची. तेव्हा बडोद्यातच इंग्रजी शिकवणाऱ्या गणेश देवी यांनी १९९२ च्या पुस्तकात वसाहतीने आलेल्या सांस्कृतिक विस्मरणाची जी मांडणी केली, तीही विरचनेचा अनुवाद म्हणून वाचू नये. या विचारांना विरचनेशेजारी बसवा, वाद घालू द्या. वंशावळ जोडू नका.

ललित कलेच्या विद्यार्थ्यांना घरचीच सामग्री आहे. १९८७ मध्ये विद्याशाखेत झालेले जहाल चित्रकार-शिल्पकारांचे प्रदर्शन आणि त्याचा जाहीरनामा कलाबाजारावर तुटून पडणारा, डाव्या विचाराचा. त्याला विरचना म्हणणे चूक. नव्या कला-इतिहासावरचा २००३ चा निबंधसंग्रह मात्र बडोद्याच्याच अभ्यासकांनी संपादित केला आहे, आणि लिंगभाव, जात, राष्ट्र हे प्रश्न भारतीय कला-इतिहासात कसे आले ते त्यात दिसते. आधी तो वाचा, मग परदेशी पुस्तके.

६. तीन हजार शब्दांची वाटणी

सरळ अर्थाला ५००, जोडी आणि तिची उलथापालथ १२००, निवडलेली दृष्टी ८००, तुमच्या वाचनाला न बसणाऱ्या ओळी किंवा तपशील ३००, इतिहास आणि संज्ञा मिळून २००. न बसणाऱ्या ओळींचा भाग कापायचा मोह होईल. तो ठेवा, कारण परीक्षक नेमकी तीच ओळ काढून विचारतो.

पारिभाषिक शब्द एकच धरा: पहिल्या पानावर विरचना आणि चौथ्यावर विखंडन असे होऊ देऊ नका. एका पानात असे तीनपेक्षा जास्त शब्द आले तर वाक्य पुन्हा लिहा. अनुवादातून वाचलेल्या देरिदांचे अवतरण देताना अनुवादकाचे नाव द्या. ‘अर्थ अनिश्चित आहे’ हे वाक्य कुठे आले असेल तर खोडून, कोणत्या दोन अर्थांमध्ये आणि कोणत्या शब्दामुळे, ते लिहा.

७. तोंडी परीक्षेतले ठरलेले प्रश्न

‘मग कोणताही अर्थ चालेल का?’ नाही. ‘तुतारी’ शेतीवरची कविता आहे असे म्हणता येत नाही, तसे म्हणायला शब्द साथ देत नाहीत. तुमचा दावा शब्दावर बोट ठेवून दाखवता येतो, एवढे सांगा आणि ओळ वाचून दाखवा.

‘कवीला हे अभिप्रेत होते का?’ अभिप्रेत अर्थ तुमच्या दुसऱ्या पायरीत आलेलाच आहे. भाषा लिहिणाऱ्याच्या मनातल्याहून जास्त बोलून जाते, म्हणून तिसरी पायरी.

‘याने कविता लहान होत नाही का?’ या प्रश्नाला तयार उत्तर नाही आणि घोकूनही जाऊ नका. लेण्यांच्या कडव्यापाशी जा, ते पूर्वीपेक्षा जास्त बोलते की कमी, ते परीक्षकासमोरच वाचा. छायाप्रती सोबत न्या. समासातल्या खुणा बघून पुढचे सुचते.